वाहाकाची आई

खोटं बोलायचं तर माणसाने आधी नीट ठरवून बोलावं, म्हणजे निदान लक्षात तरी राहतं. नीलाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तिने नुसती मान डोलावली. आणि त्या एका मान डोलावण्यापायी १९८७ सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी तिच्या आईला, म्हणजे शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरातल्या लता पाटणकरांना, हिरवी इरकली नेसून शिकागोच्या मेक्सिकन वस्तीतल्या एका अनोळखी स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं.

नीला तेव्हा वीस वर्षांची होती. जन्म इथलाच. वडील गुरुदत्त इंजिनियर, आई एका बँकेत कामाला. ही शहरात युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकायची आणि तिथल्याच डॉर्ममध्ये राहायची. दर दुसऱ्या शनिवारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी यायची. आई मराठीत विचारायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. उत्तर तरी कसलं? "कशी आहेस गं?" "फाइन." "अभ्यास कसा चाललाय?" "फाइन." "मैत्रिणी कोण कोण आहेत?" "यू डोन्ट नो देम, आई." विषय संपला. रविवारी धुतलेले कपडे आणि चिवड्याचा डबा घेऊन स्वारी परत.

तिला मराठी समजायचं सगळं. बोलायची मात्र नाही, आणि त्याला कारण होतं. बारा वर्षांची असताना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला स्टेजवर उभं केलं होतं, गणपतीविषयी पाच वाक्यं बोलायला. दुसऱ्याच वाक्याला अख्खा हॉल हसला. नंतर चार-पाच काकू येऊन गालगुच्चे घेऊन गेल्या, 'कित्ती गोड बोलते, परत बोल ना' म्हणाल्या. कौतुकाचंच हसणं होतं हो. पण हसण्यावर तशी चिठ्ठी चिकटवलेली नसते, आणि बारा वर्षांच्या पोरीला ती वाचताही येत नाही. तिने तोंड मिटलं ते मिटलंच. लताबाईंना वाटलं, वयाचं आहे, जाईल.

स्पॅनिश तिने शाळेत घेतलं, कारण काहीतरी घ्यावंच लागायचं. तिथे तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, त्यामुळे कुणी हसलंही नाही. बघता बघता पोरगी फाडफाड बोलायला लागली. घरात हे कुणाला ठाऊकही नव्हतं. रिपोर्ट कार्डावर नुसतं 'ए' दिसायचं, आणि 'ए' दिसल्यावर आपल्याकडे पुढे वाचायची पद्धत नाही.

त्या वर्षी तिच्या एका प्रोफेसरबाईंनी एक पाहणी हाती घेतली होती. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतली तरुण मुलं, घरात एक आणि दारात दुसरं असं जगताना त्यांच्या मनावर काय ताण पडतो, याची. साठ प्रश्नांचा फॉर्म, काही महिन्यांच्या अंतराने दोन फेऱ्यांत भरून घ्यायचा. उत्तर एक ते पाच: एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी तसंच. घरोघरी जाऊन प्रश्न विचारायला स्पॅनिश बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. प्रोफेसरबाईंनी नीलाचा सावळा रंग पाहिला, जीभ ऐकली आणि नाव लिहून घेतलं. कुठली आहेस, हे त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. काम शिकवताना तीन नियम दिले: प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, आपलं मत द्यायचं नाही, आणि स्वतःविषयी काही सांगायचं नाही. तिसरा नियम नीलाला फारच आवडला.

अशीच ती फेब्रुवारीत आरासेलीच्या घरी पोचली. आरासेली बावीस वर्षांची. चार वर्षांची असताना आईच्या कडेवर मेक्सिकोहून आलेली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई, दोन्या ओफेलिया, चॉकलेटच्या कारखान्यात खोकी भरायची. 'दोन्या' म्हणजे आपण 'बाई' म्हणतो तसं, मानाचं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे दहाव्या वर्षापासून आईची जीभ म्हणजे आरासेली. डॉक्टरकडे तीच, घरमालकाशी तीच, विजेच्या कंपनीशी फोनवर तीच, आणि त्या वर्षी नव्या कायद्यानुसार आईचे इथे राहायच्या परवानगीचे कागद करायचे होते तिथल्या रांगेतही तीच. दिवसा दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनिस्ट, संध्याकाळी कॉलेज. आणि मधूनच छातीत अशी धडधड सुरू व्हायची की आता संपलं सगळं. दोनदा एकटीच इमर्जन्सीत जाऊन आली होती. ईसीजी दोन्ही वेळा नॉर्मल. कॉफी कमी करा म्हणाले.

हे सगळं तिने नीलाला फॉर्मच्या निमित्ताने सांगितलं. एकतिसावा प्रश्न होता: 'घरात आणि बाहेर मला दोन वेगळी माणसं होऊन वागावं लागतं.'

"पाच," आरासेली म्हणाली. "सहा आहे का?"

"पाचपर्यंतच आहे."

"तू किती लिहिशील?"

"मला सांगायची परवानगी नाही," नीला म्हणाली. नियम उपयोगी पडला.

"कळलं," आरासेली हसली. "आपल्यातलीच आहेस, तुला काय सांगायचं?"

इथे नीलाने 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. 'आपल्यातली' हा शब्द इतक्या सहज तिला आजवर कुणी दिला नव्हता. मंडळात ती 'इथली' होती आणि शाळेत 'तिथली'. आता कुणी आपणहून पाट मांडून दिला, तर पोरगी बसली त्यावर. मी तिला फार दोष देणार नाही, थोडा देईन.

फॉर्म संपल्यावर ओफेलियाबाईंनी तिला जेवायलाच बसवलं. मक्याच्या पोळ्या आणि घेवड्याची उसळ. वाढता वाढता बाईंनी तिचं नाक-डोळे न्याहाळले आणि विचारलं, "तू वाहाकाची ना गं?" वाहाका हा मेक्सिकोच्या दक्षिणेकडचा मुलूख. तिथल्या मुली अशाच बारीक चणीच्या आणि काळ्याभोर डोळ्यांच्या असतात, असं बाईंचं मत. नीलाच्या तोंडात घास होता. तिने मान डोलावली.

झालं. पुढच्या रविवारी ती काही काम नसताना गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. घरी न जायच्या शनिवारी-रविवारी तर गेलीच, पण घरी जायच्या रविवारीही शॉमबर्गहून लवकर निघून गेली. 'लायब्ररीत जायचंय,' असं आईला सांगून. ओफेलियाबाई तिला विचारायच्या, आई काय करते, कशी आहे, तुला एकटीला शहरात कशी राहू देते? आणि नीला सांगायची. आई वाहाकाच्या बाजारात कापड विकायची. आता उपनगरात राहते. ती म्हणाली, जा, शीक, पण दर रविवारी मला सगळं सांग. आणि मी सांगते. नीला अशी तास तास बोलायची. तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

मार्चअखेर आरासेलीला पत्र आलं. मिशिगनमधल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश, स्कॉलरशिपसकट. एक मेच्या आत हो की नाही कळवायचं होतं. चार-पाच तासांचा रस्ता. पण तिच्या घरातून लग्नाआधी कुणी पोर बाहेर राहायला गेली नव्हती. ती पत्र पर्समध्ये घेऊन तीन आठवडे हिंडली, धडधड वाढली, आणि शेवटी एका रविवारी जेवताना तिने आईला सांगून टाकलं. बाईंनी पळी खाली ठेवली. कागद कोण करणार, डॉक्टरकडे कोण येणार, लोक काय म्हणतील, सगळं झालं. तेव्हा आरासेलीने नीलाकडे बोट दाखवलं.

"हिच्या आईने सोडलंच ना हिला? ती काय वाईट आई आहे?"

बाई नीलाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आण तुझ्या आईला. तिच्या तोंडून ऐकते. ती म्हणाली पाठव, तर पाठवीन."

असं आहे ते. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांत एक गोष्ट सारखी: पोरींचं कुणी ऐकत नाही, आईचं आई ऐकते. बिचाऱ्या आरासेलीला तर वाटलं, सुटले. टेबलाखालून तिने नीलाचा हात घट्ट दाबला. नीलाची पाचावर धारण बसली होती, ते तिला कळलं नाही.

पुढच्या शनिवारी नीला शॉमबर्गला गेली. लताबाई भेंडी पुसत बसल्या होत्या. नीलाने इंग्रजीत सगळं सांगितलं, मान खाली घालून, एका दमात. लताबाईंचा फडका मध्येच थांबला.

"म्हणजे मी मेक्सिकन आहे."

"फक्त उद्यापुरती, आई. प्लीज. तू स्कर्ट घाल, बँकेत घालतेस तो. काही बोलू नकोस. शी'ल आस्क, तू मान हलव. बाकी मी सांगीन."

"मान हलवायला मी काय नंदीबैल आहे?"

लताबाईंनी उरलेली भेंडी पुसली, एकेक करून. मग विचारलं, "त्या मुलीचं जाणं खरंच माझ्यावर अडलंय?"

"हो," नीला म्हणाली. मराठीत.

"मग येते. पण साडी नेसून येईन. आणि मला विचारलं ते मी बोलेन."

रविवारी लताबाईंनी गाडी स्वतः चालवली. शॉमबर्गच्या बाहेर त्या कधी एकट्या ड्राइव्ह करत नसत, एक्स्प्रेसवेवर तर गुरुदत्तच. तीस मैल दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून आल्या.

दार ओफेलियाबाईंनीच उघडलं. आधी साडी बघितली, मग कुंकू, मग नीला. आरासेली मागे उभी होती.

"ही वाहाकाची नव्हे," बाई म्हणाल्या.

"नाही," नीला म्हणाली. "आम्ही इंडियातले. मीसुद्धा. मी खोटं बोलले."

आरासेलीचा चेहरा पांढरा पडला. ती इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "मी तुला हॉस्पिटलचं सांगितलं. तू आपल्यातली आहेस म्हणून सांगितलं."

ओफेलियाबाईंनी दार लावलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण दारात एक आई उभी होती, बोलावल्यावरून आलेली, आणि तिला परत पाठवायची रीत त्यांच्या घरात नव्हती. त्या बाजूला झाल्या. लताबाईंना खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली, ताट वाढलं. नीलापुढेही ताट ठेवलं, तिच्याकडे न बघता. सगळ्या जेवल्या, म्हणजे जेवल्यासारखं केलं. मग बाईंनी हात पुसून लताबाईंना विचारलं, "पोरीला घराबाहेर ठेवलंत. काळीज कसं धजावलं तुमचं?"

नीलाने ते मराठीत सांगितलं. धड आलं नाही. 'काळीज' शब्द आठवेना, 'हार्ट' म्हणाली. लताबाईंना इंग्रजी उत्तम येत होतं, आरासेलीलाही. त्या दोघींना परस्पर बोलून प्रकरण मिटवता आलं असतं. पण लताबाई म्हणाल्या, "मी मराठीतच बोलणार. इंग्रजी ना त्यांची ना माझी. तू सांग त्यांना." आणि बोलायला लागल्या.

"धजावलं कुठे? हिचे बाबा म्हणाले जाऊ दे, ही म्हणाली मला जायचंय, मी बॅग भरली. तीन महिने मी टेबलावर तीन ताटं मांडत होते, नंतर एक उचलून ठेवायचे. ही येते, कपडे धुऊन नेते. विचारलं की फाइन म्हणते. काल मला कळलं की हिला ही तिसरी भाषा येते. इतकी छान येते. काल कळलं की दर रविवारी ही इथे जेवते. शेजारणीच्या मुलीविषयी कळावं तसं मला माझ्या मुलीविषयी कळतं. त्यांना सांग, पाठवू नका म्हणावं. एकदा बाहेर गेली की हाताला लागत नाही. दिसते, पण हाताला लागत नाही."

आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. बँकेत खात्याची माहिती सांगावी तसं सांगितलं त्यांनी. आरासेली नीलाकडे टक लावून बघत होती. रागावलेली होती, पण सगळं अडलं होतं ते नीला आता काय सांगते यावर, आणि ते दोघींना कळत होतं. एक मेला पाच दिवस उरले होते.

"आई म्हणते," नीला स्पॅनिशमध्ये म्हणाली, "अवघड जातं, पण हळूहळू सवय होते."

ओफेलियाबाईंनी मान हलवली नाही. त्या जराशा हसल्या, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"इतका वेळ बोलली ती, आणि एवढंच? माझी आरासेली असंच करते. डॉक्टर पाच मिनिटं बोलतो, ही मला चार शब्द देते. बारा वर्षं मी चार शब्दांवर जगतेय. मला भाषा येत नाही, पण मोजता येतं. पुरं सांग."

आरासेलीच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला. आईला हे ठाऊक असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आईला झेपेल तेवढंच सांगायचं, बाकीचं आपण गिळायचं, असा तिचा शिरस्ता. तिला ती आईची सेवा वाटायची.

नीलाने पुरं सांगितलं. तीन ताटं सांगितली, कपडे सांगितले, शेजारणीची मुलगी सांगितली. एरवी फाडफाड चालणारं तिचं स्पॅनिश ठेचकाळायला लागलं, कारण आता ते उसनं उरलं नव्हतं, घरचं दुखणं त्यातून वाहत होतं. 'पाठवू नका'पाशी ती थांबली. आरासेलीकडे बघितलं, आणि तेही सांगितलं. 'हाताला लागत नाही' दोनदा सांगितलं, आई दोनदा म्हणाली होती म्हणून.

ओफेलियाबाईंनी मग विचारलं, "ही तुमच्यापासून किती लांब राहते?"

"तीस मैल," लताबाई म्हणाल्या.

बाई उठल्या. दाराजवळच्या खुंटीवर आरासेलीचा कोट होता, त्याच्या शेजारच्या ड्रॉवरमधून त्यांनी एक प्लॅस्टिकची पट्टी काढली. हॉस्पिटलात मनगटाला बांधतात ती, नाव-तारीख छापलेली. टेबलावर ठेवली.

"कोट धुवायला काढला तेव्हा खिशात सापडली. जानेवारीत. मी विचारलं नाही. वाट बघत होते, ही सांगेल म्हणून." त्या लताबाईंशी बोलत होत्या, नीला सांगत होती, एकही शब्द न गाळता. "तुमची तीस मैलांवर आहे. माझी भिंतीपलीकडे झोपते. दोघींनाही कळलं ते खिशातून नाहीतर परक्यांमुळे. मग मैलांचा काय संबंध?"

त्या आरासेलीकडे वळल्या. "जा तू. पण दर रविवारी फोन करायचास. चार शब्द दिलेस तर फोन ठेवून देईन."

आरासेली ओक्साबोक्शी रडली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यात सुटल्याचा आनंद किती आणि बारा वर्षांचा शीण किती, हे एक ते पाचात सांगणं कठीण होतं. लताबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. आपण पाठवू नका म्हणालो आणि त्यावरून पाठवायचं ठरलं, हे त्यांना कळलं होतं, आणि का, तेही कळलं होतं.

निघताना ओफेलियाबाईंनी लताबाईंना उसळीचा डबा दिला, बिनमांसाची आहे हे हाताने सांगून. आरासेली दारापर्यंत आली. नीलाला म्हणाली, "दुसऱ्या फेरीला दुसरं कुणीतरी पाठव." नीला हो म्हणाली. पुढे सोमवारी तिने प्रोफेसरबाईंना सगळं सांगितलं. तिचे अकराच्या अकरा फॉर्म बाद झाले, कामही गेलं. योग्यच झालं. आरासेली ऑगस्टमध्ये मिशिगनला गेली. दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

पण हे नंतरचं. त्या रविवारी दुपारी लताबाईंनी गाडी सुरू केली, आणि नीलाला डॉर्मवर सोडायचं ते न विचारताच घराच्या रस्त्याला लागल्या. बरंच अंतर गेल्यावर लताबाईंनी विचारलं, "ती वाहाकाची आई कशी होती गं?"

नीला मराठीत, शब्द शोधत, चुका करत बोलली. "बाजारात कापड विकायची. साधी होती. दर रविवारी मला विचारायची, काय जेवलीस, काय वाचलं, मैत्रिणी कोण."

"मग मीही तेच विचारते की."

"हो," नीला म्हणाली. "तिला मी सांगायचे."

लताबाईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट धरले. समोर ट्रक होता, त्याला ओलांडायचं त्यांना जमत नव्हतं, त्या मागे मागेच चालवत राहिल्या. एक एक्झिट गेली, दुसरी गेली.

"नीलू," त्या म्हणाल्या, "आज काय जेवलीस?"

दोघी एकाच टेबलावर शेजारी बसून जेवल्या होत्या, तास-दीड तासापूर्वी. नीलाने नाक पुसलं, आणि पहिल्या घासापासून सांगायला सुरुवात केली.